पॅसेज: एक भिंत अठरा फुटांवरून, दोन अडीच फुटांवरून

पत्र: आमचा फ्लॅट पुण्यात, सिंहगड रस्त्याला, तिसऱ्या मजल्यावर आहे. हॉलमधून आत गेलं की १८ फूट लांब आणि जेमतेम ३ फूट ४ इंच रुंद पॅसेज लागतो. वर साडेनऊ फुटांवर स्लॅब. डाव्या हाताला दोन बेडरूमची दारं आहेत, एक सुरुवातीला आणि एक अगदी टोकाला. मधे नऊएक फूट मोकळी भिंत. उजव्या हाताला आधी बाथरूमचं दार, मग बाथरूमची भिंत, मग तिसऱ्या बेडरूमचं दार. समोर टोकाला कोरी भिंत. मधोमध एक ट्यूबलाइट आहे, तरी दिवसासुद्धा दवाखान्याच्या बोळात आल्यासारखं वाटतं. बाथरूमच्या बाजूला खालून दीड-दोन फुटांपर्यंत रंगाचे पापुद्रे निघतात. इंटिरियरवाल्यांनी फॉल्स सीलिंगच्या दोन्ही कडांना एलईडी पट्ट्या, दोन्ही भिंतींना पीव्हीसीची उभ्या रेघांची पॅनेल आणि टोकाला पूर्ण उंचीचा आरसा सुचवला आहे. गणपती झाले की काम काढून दिवाळीच्या आत संपवायचं मनात आहे. सासूबाई ७९ वर्षांच्या आहेत, वॉकर घेऊन चालतात. खाली लांब गालिचा टाकावा का आणि चपलांचं कपाट कुठे बसेल, तेही सांगा.

उत्तर: सुचवलेल्या तिन्ही गोष्टी हॉलमध्ये शोभतील. पॅसेजमध्ये त्या नडतील. हॉलमध्ये आपण बसतो आणि समोरची भिंत दहा-बारा फुटांवरून बघतो. पॅसेजमध्ये कोणी बसत नाही. तिथे टोकाची भिंत हॉलमधून, म्हणजे अठरा फुटांवरून दिसते. बाजूच्या दोन भिंती चालता चालता दीड-दोन फुटांवरून दिसतात, अगदी अंग चोरून उभं राहिलं तरी अडीच. मधलं अंतरच नाही. म्हणून टोकाला एकच मोठी, लांबून कळणारी गोष्ट हवी आणि बाजूंना बारीक, जवळून बघण्याजोगं काही. बहुतेक घरांत हे नेमकं उलटं होतं. टोकाला चार छोट्या फ्रेमा आणि बाजूला चार फुटी निसर्गचित्र, जे पूर्ण बघायला मागे सरकावं तर पाठ भिंतीला लागते.

पण सजावटीआधी ती ओल. त्या भिंतीवर पॅनेल तर अजिबात लावू नका. ओल त्याच्या मागे जाते, दिसेनाशी होते आणि वर्षभराने पलीकडच्या बेडरूमच्या चौकटीतून बाहेर पडते. पॅनेल, खालची पट्टी आणि चिकटवण मिळून प्रत्येक बाजूला पावणेदोन इंच जातात, म्हणजे चाळीस इंचांतले साडेतीन इंच संपले. शिवाय उभ्या रेघा समोरून छान दिसतात, पण पॅसेजमध्ये त्या तिरक्या नजरेनेच दिसणार. एकीमागे एक दाटून काळपट कुंपणासारख्या दिसतात आणि प्रत्येक खाचेत धूळ बसते ती वेगळीच.

ओल कुठून येते ते आधी शोधा. ओलीच्या कडेने पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहा. दोन दिवस ती बाथरूम पूर्ण बंद ठेवा. तरीही ओल रेघेच्या पुढे सरकली, तर पाण्याच्या दाबाखालची नळाची लाइन गळते आहे. प्लंबरकडून प्रेशर टेस्ट करून घ्या. सरकली नाही, तर नहाणीच्या तोंडात, म्हणजे पाणी जायच्या जाळीत, कापडाचा बोळा घट्ट बसवून जमिनीवर इंचभर पाणी साठवा आणि चोवीस तास ठेवा. आता ओल वाढली किंवा पाणी उतरलं, तर दोष फरशीच्या खालच्या वॉटरप्रूफिंगमध्ये किंवा नहाणी ट्रॅपच्या जोडात आहे. (खालच्या मजल्यावरच्यांना त्यांच्या बाथरूमचं छत विचारून घ्या, अर्धं निदान तिथेच होतं.) यातलं काहीच नसेल आणि फक्त शॉवरच्या वापरानंतर ओल वाढत असेल, तर भिंतीच्या टाइलचे सांधे उघडे पडले आहेत. जुनं ग्राउट खरवडून इपॉक्सी ग्राउट भरलं की भागतं. निदान न करता पॅसेजच्या बाजूने वॉटरप्रूफ रंग मारला तर पाणी थांबत नाही, ते आणखी फूटभर वर चढून तिथे पापुद्रे काढतं.

गळती थांबल्यावर लोणा (पांढरा क्षार) लागलेलं प्लास्टर ओलीच्या कडेपासून फूटभर पुढपर्यंत विटेपर्यंत काढा, वीट तारेच्या ब्रशने घासा, सिमेंटचं नवं प्लास्टर करा. तिथे पीओपी किंवा जिप्सम चालणार नाही, ते पाणी ओढतं. आणि मग थांबा. दिवाळीचा बेत अडतो तो इथे. अर्धा इंच प्लास्टर आणि मागची भिजलेली वीट सुकायला पाऊस संपल्यावरही दीड-दोन महिने लागतात. सुकलं का, ते हात लावून कळत नाही. फूटभर चौरस प्लॅस्टिकचा कागद चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवसांनी बघा. कागदाच्या भिंतीकडच्या बाजूला दव जमलं तर भिंत अजून ओली आहे.

म्हणून काम दोन टप्प्यांत करा. दिवाळीआधी गळती, वायरिंग, दिवे, डावी भिंत आणि टोकाची भिंत. उजवी भिंत जानेवारी-फेब्रुवारीत. तोवर नव्या प्लास्टरवर चुन्याचा हात मारून ठेवा. चुन्यातून वाफ बाहेर जाते, इमल्शनखाली ती अडकून फोड येतात. पक्का रंग देताना मात्र तो चुना पूर्ण खरवडायला लावा. रंगारी घाईत वरून प्रायमर ओढतात आणि सहा महिन्यांत रंगाचा पापडासारखा तुकडा हातात येतो.

आता उजेड. तुमच्याकडे उजेड कमी नाही, तो सगळा एका जागी आहे. हिशेब बघा. पॅसेज ६० चौरस फूट, म्हणजे साधारण साडेपाच चौरस मीटर. चालायला जमिनीवर १०० लक्स, म्हणजे चौरस मीटरला १०० ल्युमेन उजेड पुरतो; एकूण ५६० ल्युमेन. पण अरुंद आणि उंच जागेत अर्ध्याहून जास्त उजेड भिंतीच खातात, म्हणून अडीचपट धरा: १४०० ते १५००. २० वॉटची एलईडी ट्यूब एकटीच २००० च्या आसपास देते. तरी अंधार वाटतो, कारण मधली सहा फूट झगझगीत, दोन्ही टोकं काळी, आणि डोळ्याला मधल्या झगझगाटाची सवय लागल्याने टोकं आहेत त्याहून काळी दिसतात. त्यात ट्यूब ६५०० केल्विनची असणार. दवाखान्याची आठवण बरीचशी त्या निळसर पांढऱ्या उजेडामुळे येते.

ट्यूब काढा. त्याऐवजी ४-५ वॉटचे चार सरफेस डाउनलाइट (छताला बाहेरून बसणारे, खाली उजेड टाकणारे दिवे), साडेचार फुटांच्या अंतराने. पहिला आणि शेवटचा पॅसेजच्या टोकांपासून सव्वादोन फुटांवर, म्हणजे मधल्या अंतराच्या निम्म्यावर. हे चुकलं की टोकं पुन्हा काळी. पाचवा दिवा टोकाच्या भिंतीसाठी: ७ वॉटचा, फिरवता येणारा, ३६ अंशांच्या झोताचा स्पॉट, भिंतीपासून दोन-अडीच फुटांवर, तोंड भिंतीकडे. शेवटचा डाउनलाइट तिथेच येतो, म्हणून स्पॉट त्याच्या बाजूला चार-सहा इंचांवर घ्या. सगळे ३००० केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे, एकाच कंपनीचे, एकाच वेळी घेतलेले. स्पॉटचा सीआरआय (रंग किती खरे दिसतात तो आकडा) ९० किंवा वर बघा. हलक्या एलईडीत लाल-तांबडे रंग मळकट दिसतात आणि टोकाला आपण तोच रंग देणार आहोत.

यासाठी फॉल्स सीलिंग लागत नाही. वायर झाकणारी पाऊण इंचाची पीव्हीसी केसिंग पट्टी छत आणि भिंतीच्या कोपऱ्यातून न्या, छताच्या रंगात रंगवा, दिसत नाही. वायरसाठी झिरी मारायची तर ती भिंतीच्या प्लास्टरमध्ये. स्लॅबमध्ये कटर घालू देऊ नका. छत खाली घ्यायला आमची तत्त्वतः हरकत नाही, उलट रुंदीच्या जवळजवळ तिप्पट उंची असली की पॅसेज उभ्या विहिरीसारखा वाटतो आणि फूटभर उतरलेलं छत तिथे बरं दिसतं. हरकत आहे ती दोन्ही कडांनी लांबीभर जाणाऱ्या प्रकाशपट्ट्यांना. त्या दोन रेघा दूर जाऊन एकत्र मिळतात आणि अठरा फुटांचे पंचवीस वाटायला लावतात. छत करायचंच ठरलं तर साडेआठ फुटांवर घ्या आणि उजेडाच्या फटी आडव्या, रुंदीच्या दिशेने ठेवा. लांब जागा तोडायची असेल तर तिच्यात रेघ आडवी हवी.

स्विच दोन्ही टोकांना हवा, जिन्यात असतो तसा. त्यासाठी दोन टू-वे स्विच आणि त्यांच्या मधे तीन वायरी. इलेक्ट्रिशियन आला की हेच पहिलं सांगा, नंतर पुन्हा झिरी मारावी लागते. रात्रीसाठी सासूबाईंच्या दाराशी, जमिनीपासून फूटभर उंचीवर अर्धा-एक वॉटचा हालचालीने लागणारा दिवा. तो बाजूच्या भिंतीवर लावा, टोकाच्या नाही. हा सेन्सर समोरून आडवं जाणारं माणूस पटकन ओळखतो. सरळ त्याच्याकडे चालत येणारं माणूस उशिरा ओळखतो, आणि टोकाच्या भिंतीवर लावला तर सगळे त्याच्याकडेच चालत येणार. वेळ तीस सेकंदांची नको, निदान मिनिटभराची लावा; वॉकरचा वेग धरा.

दिवसाच्या उजेडाला पैसे पडत नाहीत: बेडरूमची दारं उघडी ठेवायची. दार वाऱ्याने आपटतं म्हणून ते बंद राहत असेल, तर तळाशी चुंबकाचा स्टॉपर बसवा. उजव्या बेडरूमच्या दारासमोर डाव्या मोकळ्या भिंतीवर आरसा लावा, म्हणजे खिडकीचा उजेड तो पॅसेजमध्ये फेकेल. टोकाला आरसा लावला तर १८ फुटांचा बोगदा ३६ फुटांचा होतो आणि रात्री पाणी प्यायला उठलेल्या माणसाला समोरून कोणीतरी येताना दिसतं. डाव्या भिंतीवरचा आरसा दीड फूट बाय चार फूट, ५ मिलिमीटर जाडी, वजन सुमारे सात किलो. मागे सुरक्षा-फिल्म असलेला घ्या, वॉकरचा धक्का लागला तरी तुकडे उडणार नाहीत. प्लायवर चिकटवताना न्यूट्रल सिलिकॉन मागा. व्हिनेगरसारखा वास येणारं साधं सिलिकॉन मागचा चंदेरी मुलामा खातं आणि वर्षा-दोन वर्षांत काळे डाग उमटतात.

रंगाकडे येऊ. दोन्ही लांब भिंती आणि छत एकाच उबदार पांढऱ्या छटेत, मधे कुठेही पट्टी किंवा बॉर्डर नको. जुन्या शाळांत आणि दवाखान्यांत खालचा साडेतीन-चार फूट ऑइलपेंट असायचा. हात, दप्तर, बादली लागून भिंत मळते म्हणून ते शहाणपणाचंच होतं, पण त्या रेघेने पॅसेज ओढल्यासारखा लांबतो. आता धुता येणारं मॅट इमल्शन मिळतं, तेच पूर्ण भिंतीला द्या. चमकदार फिनिश घेऊ नका. वरून येणाऱ्या उजेडात पुट्टीचा प्रत्येक हेलकावा लाटेसारखा दिसतो. दारांच्या चौकटीसुद्धा भिंतीच्याच छटेत रंगवा. चार गडद चौकटी कमी झाल्या की जागा मोकळी होते, आणि हा सगळ्यांत कमी खर्चाचा बदल आहे.

मोजमाप असं: दोन्ही लांब भिंती ३४२ चौरस फूट, त्यातून चार दारांचे ८० वजा, राहिले २६२. छताचे ६०. मिळून सव्वातीनशेच्या आसपास. दोन हातांना लिटरमागे १२० चौरस फूट धरले तर पावणेतीन लिटर, म्हणून तीन लिटर घ्या. पुट्टी २० किलोची एक गोणी पुरेल, भिंत फारच खडबडीत असेल तर थोडी जास्त. उजवी भिंत नंतर होणार असली तरी सगळा रंग आत्ताच, एकाच वेळी टिंट करून घ्या. दुसऱ्या खेपेच्या टिंटमध्ये किंचित फरक येतो आणि समोरासमोरच्या भिंतींवर तो लपत नाही. डबा घट्ट बंद करून ठेवा. छटेचा नमुना दोन फूट चौरस रंगवून नवे दिवे लावल्यावर बघा, दुकानातल्या कार्डावर ठरवू नका.

टोकाची भिंत गेरूच्या रंगाची करा. गडद, उबदार रंगाने ती जवळ आल्यासारखी वाटते, हा एक फायदा. दुसरा म्हणजे हॉलमधून बघताना नजरेला थांबायला जागा मिळते. ती फक्त ३२ चौरस फूट आहे, एक लिटर भरपूर झाला. रंगाऐवजी वॉलपेपर हवा असेल तर इथे तो अगदी मापात बसतो. नेहमीचा रोल २१ इंच रुंद आणि ३३ फूट लांब असतो. दोन पट्ट्यांत ४२ इंच होतात, तुमची भिंत ४०. एका रोलमध्ये डिझाइन जुळवताना कागद वाया गेला तरी चिंता नाही. गेरूवर एकच मोठी वस्तू लावा, निदान दोन फूट रुंद. घरात जुन्या पैठणीचा पदर असेल तर त्याची फ्रेम करा. पॅसेजमध्ये ऊन येत नाही, म्हणून रंग उडायची भीती हॉलपेक्षा पुष्कळ कमी. फ्रेमवाल्याला दोन गोष्टी बजावा: रेशीम काचेला टेकता कामा नये, मधे पट्टी घालून अंतर ठेवायचं, आणि मागे आम्लरहित पुठ्ठा वापरायचा, गोंदाने चिकटवायचं नाही, टाक्यांनी धरायचं.

डाव्या मोकळ्या भिंतीवर बारीक काम चालेल. वारली चित्र इथे खुलतं. त्यातली माणसं बोटाएवढी असतात, ती कुणी शिडीवर आहे, कुणी कांडतं आहे, हे अडीच फुटांवरूनच वाचता येतं. हॉलच्या मोठ्या भिंतीवर ती नुसती ठिपक्यांसारखी दिसतात. स्टिकर मात्र नको. पालघरकडच्या कलाकाराने काढलेला हातभर कागद चार मीटर छापील पट्ट्यापेक्षा भारी. किंवा घरचे फोटो, सहा बाय आठ इंचांचे. ते एका सरळ ओळीत लांबवर लावू नका, मधल्या चार-साडेचार फुटांत दाटीने लावा. मध्य जमिनीपासून पावणेपाच फुटांवर. सासूबाई वाकून चालत असतील तर एक ओळ सव्वाचार फुटांवर. फ्रेमची जाडी पाऊण इंचाच्या आत, काचेऐवजी मॅट ॲक्रिलिक, आणि खालच्या दोन कोपऱ्यांना दुहेरी चिकटपट्टी, नाहीतर खांदा लागून रोज वाकड्या होतील.

फ्रेमांच्या खाली, ३४ इंचांवर, सासूबाईंसाठी आधाराचा दांडा. दीड इंच जाडीचा गोल, भिंतीपासून दोन इंच सुटा, म्हणजे एकूण साडेतीन इंच पुढे. चाळीसातून साडेतीन गेले तरी छत्तीसच्या वर राहतात आणि वॉकर चोवीस-पंचवीस इंचांचा असतो. दांड्याची टोकं भिंतीकडे वळवून बंद करा. उघड्या टोकात पदर अडकतो. भिंत पांढरी आहे, म्हणून दांडा गडद ठेवा, कमी दिसणाऱ्या डोळ्यांना तो सापडला पाहिजे. उजव्या भिंतीवर दांडा नको, तिच्यात बाथरूमचे पाइप आहेत.

ड्रिल करताना पहिल्या भोकातून पडणारी भुकटी बघा. लाल असेल तर वीट: ८ मिलिमीटरचा प्लग, स्क्रू विटेत दीड इंच गेला पाहिजे, वरचं अर्धा इंच प्लास्टर मोजायचं नाही. भुकटी पांढुरकी, हलकी असेल तर सिपोरेक्ससारखा हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचा ब्लॉक. त्यात साधा प्लग फिरत राहतो. फ्रेमांना ब्लॉकचे खास प्लग, हातोड्याचा मोड बंद ठेवून. दांड्याला आरपार बोल्ट आणि पलीकडे लोखंडी पट्टी, कारण त्याच्यावर माणसाचा भार येणार. स्विचबोर्डच्या सरळ वरच्या किंवा खालच्या रेषेत कुठेही भोक नको, वायर तिथूनच गेलेली असते. आणि कुणी कोनाडा कोरायची कल्पना काढली तर चार इंची भिंतीत तो होत नाही, वाड्यातल्या दोन फुटी भिंतींची ती मिजास.

गालिचा नको. एका बाजूला बाथरूमचं दार, ओले पाय आणि वॉकर. गालिच्याची दुमडलेली कड एवढी एकच गोष्ट पडायला पुरते. जमिनीवर काही हवंच असेल तर बाथरूमच्या दाराशी रबरी पाठीचं, कडा बसलेलं पायपुसणं, तेही वॉकरचे पाय अडत नाहीत ना हे बघून.

चपलांच्या कपाटाला इथे जागा नाही. सर्वांत उथळ, तिरक्या फळ्यांचं कपाटसुद्धा सात-आठ इंच घेतं. ते मुख्य दाराजवळच ठेवा. पुस्तकं ठेवायची असतील तर दारांच्या वर, सात फुटांच्या वर, सहा इंच खोल फळी डाव्या भिंतीने न्या. साध्या आकाराची मराठी पुस्तकं त्यात मावतात. बाथरूम समोर असल्याने प्लाय आयएस ७१० चा, म्हणजे ओलाव्यात टिकणारा मरीन प्लाय घ्या. फळी ठोकण्याआधी मात्र एक करा: घरातलं सर्वांत मोठं लोखंडी कपाट मोजा, जमिनीवर खडूने दांड्याची आणि आरशाची रेघ आखा, आणि ते कपाट कधी बाहेर काढावं लागलं तर टोकाच्या बेडरूमच्या दारातून वळतं का ते पुठ्ठ्याचा तेवढाच तुकडा कापून फिरवून बघा.